तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर का आली?

मंडळी, व्याख्यानमालेत ट्रकच्या इंजिनावर बोला असं तुम्ही म्हणालात, याचा मला मनापासून आनंद झाला. या मंडपात बसलेल्या कितीतरी घरांची चूल ट्रकच्या चाकावर पेटते. आपल्याकडून कांदा भरून गाडी निघते, वाशीला जाते. जाताना कसारा घाट उतरायचा, आणि येताना खत, सिमेंट, लोखंड जे मिळेल ते भरून तोच कसारा चढायचा. गाडीचं दुखणं कळतं ते येताना. उतारावर आजारी गाडीसुद्धा धावते.

ड्रायव्हर माझ्याकडे येतो तेव्हा त्याची भाषा ठरलेली असते. "वस्ताद, गाडी ओढत नाही." "पिकअप मेलाय." "पूर्वी जिथं तिसऱ्या गिअरवर जायची तिथं आता दुसरा टाकावा लागतो." हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात मोजमाप आहे. बाकीचं मनातलं वाटणं असतं. वाटणं खोटं नसतं, पण त्यावरून इंजिन उघडता येत नाही.

आणि मालक काय म्हणतात? "गाडी जुनी झाली, आता अशीच चालायची." या बोलण्याशी माझं भांडण आहे. आज मी जे सांगायला आलोय ते एवढंच, की ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा न गळता दाबून धरणं, शाबूत आहे ते पंचवीस वर्षांचं असलं तरी जवळपास पहिल्याइतकी ताकद देतं. ताकद कमी झाली असेल तर ती कुठेतरी अडली आहे किंवा कुठेतरी गळते आहे. ती जागा शोधायची. नवी ताकद बाहेरून आणून घालायची नाही. हा फरक ज्या मालकाला कळला त्याचे लाखभर रुपये वाचतात, आणि ज्याला कळला नाही त्याचं चांगलं इंजिन वर्षभरात खलास होतं.

आधी गाडीत मुळात किती ताकद होती ते पाहू. टाटांचा सोळा-तेरा ट्रक घ्या, आपल्या भागात अजून पुष्कळ आहेत. नावातच सगळं लिहिलेलं आहे. पहिले दोन आकडे टनांचे, पुढचे दोन ताकदीचे, त्याला दहाने गुणा. सोळा टन, 130 हॉर्सपॉवर. चार-शून्य-सातचं तसंच, चार टन आणि सत्तर. ढोबळ आकडे आहेत हे, पण कामाला पुरतात. आत इंजिन 697. तेही नावच बोलतं : सहा सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी 97 मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 128. गुणाकार केलात तर 5,675 सीसी येतात. मर्सिडीजच्या ओएम 352 इंजिनाची मापं नेमकी हीच आहेत. 1954 साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली, त्या घराण्यातलं हे इंजिन. मला त्याच्याबद्दल फार आदर आहे. पाणी आणि ऑईल वेळेवर मिळालं तर ते माणसाला दगा देत नाही.

आता हिशेब करा. सोळा टनांची गाडी, शंभर मीटरला पाच मीटर असा चढ, आणि ताशी 20 किलोमीटर वेग. एवढ्यासाठी चाकापाशी साधारण 70 हॉर्सपॉवर लागते. इंजिनाचे 130 हॉर्सपॉवर, गिअरबॉक्स, जॉइंट आणि डिफरन्शियलमधून जाताना चाकापर्यंत 114च्या आसपास उरतात. म्हणजे धडधाकट गाडी हा चढ 32-33च्या वेगाने चढेल. चौथा हिस्सा ताकद गेली तर तीच गाडी 25 वर येते. 25 वर आली की इंजिनाच्या फेऱ्या पडतात, आणि ड्रायव्हरला खालचा गिअर टाकावा लागतो. तिसऱ्याचं दुसऱ्यावर येणं म्हणतात ते हे.

पण हाच हिशेब उलटा करून बघा. इंजिन अगदी नवं आहे, आणि सोळाच्या जागी 22 टन भरलेत. वेग किती येतो? 24. म्हणजे सहा टन जास्तीचा माल आणि चौथा हिस्सा मेलेलं इंजिन, दोन्हींचं लक्षण घाटात एकच दिसतं. म्हणून माझ्याकडे गाडी आली की मी बॉनेटला हात लावायच्या आधी वजनकाट्याची पावती मागतो. काही मालकांना राग येतो. यावा. पावती बघितल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

दुसरी मागणी वहीची. एक ठरलेला चढ धरा, त्याच्या पायथ्याचा एक दगड आणि माथ्यावरचा एक दगड ठरवा. तेवढ्याच वजनाने, तोच गिअर, किती मिनिटं लागली, पाण्याचा काटा कुठं होता, धूर कसा होता, हे लिहून ठेवा. महिन्यातून एकदा लिहिलंत तरी पुरे. ताकद एका दिवसात जात नाही. ती रोज थोडी थोडी जाते आणि ड्रायव्हरच्या पायाला तिची सवय होते. दहा टक्के गेलेले कोणाला कळतच नाहीत. वहीला कळतात.

बरं, वजन ठीक आहे आणि वेळ खरंच वाढलीय. तरीही लगेच इंजिनाकडे वळू नका. आठ-दहा किलोमीटर सपाट रस्त्याने, ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवा, उभी करा आणि बाटलीतलं पाणी प्रत्येक ड्रमवर शिंपडा. पाणी नुसतं ओघळलं तर ठीक. एखाद्या चाकावर चर्र आवाज होऊन वाफ निघाली तर त्या चाकाचा ब्रेक धरतोय. ब्रेकची ढिलाई जुळवणारा स्लॅक ॲडजस्टर जास्त आवळलेला असतो, नाहीतर ब्रेक दाबणारा कॅम गंजून परत फिरत नाही. असं एक चाक धरलेलं असलं की तुमचं इंजिन रात्रंदिवस ब्रेक घासत असतं. हवा कमी असलेले टायर हेच करतात. क्लचचं वेगळं आहे. तो घसरत असेल तर चढावर रेस वाढते, वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. हे तिन्ही बाहेरचे रोग. इंजिनाचा त्यात काही दोष नसतो, पण कितीतरी वेळा हेड, म्हणजे वरचं झाकण, त्याचंच उघडलं जातं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता इंजिनाकडे येऊ. इथं मी पहिला प्रश्न विचारतो : गाडी दमते तेव्हा मागून काय निघतं?

भरलेल्या गाडीने चढावर एक्सलेटर पूर्ण दाबलाय, गाडी ओढत नाही, आणि मागून काळा धूर. याचा अर्थ डिझेल जातंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, आरशात मागचं सगळं स्वच्छ. मग डिझेलच पोचत नाही. पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय. टायमिंग, म्हणजे डिझेल सुटायची वेळ, मागे पडलंय, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं नोझल गळतंय किंवा कॉम्प्रेशन गेलंय. निळसर धूर असेल तर ऑईल जळतंय. एवढं एक निरीक्षण ड्रायव्हरने नीट सांगितलं, तर फिटरचं अर्धं काम झालं. ड्रायव्हर मंडळींना मी हात जोडून सांगतो, आरसा ओव्हरटेक करणाऱ्यासाठी जसा बघता तसा स्वतःच्या धुरासाठीही बघा.

हवेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण डिझेल विकत आणावं लागतं म्हणून सगळे त्याचाच हिशेब ठेवतात आणि हवा फुकट म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. कमीत कमी सांगतोय. इंजिनाला प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. हे 5,675 सीसीचं इंजिन मिनिटाला 2,400 फेऱ्यांवर टर्बोशिवाय, म्हणजे हवा दाबून आत ढकलणाऱ्या पंख्याशिवाय, चालवलं, तरी मिनिटाला सहा हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. दोनशे लिटरचं पिंप डोळ्यांसमोर आणा. अशी तीस पिंपं, दर मिनिटाला, त्या एका फिल्टरमधून. टर्बो असेल तर आणखी.

आणि त्या फिल्टरची अवस्था काय असते? वीटभट्टीच्या रस्त्याने, उसाच्या फडातून, मोंढ्याच्या धुळीतून गाडी फिरते. क्लीनर पोरगा फिल्टर काढतो, टायरवर दोनदा आपटतो, हवेचा पाईप नाकाशी धरून फुंकतो आणि परत घालतो. आपटल्याने कागदाच्या घड्या वाकतात, जोरात फुंकल्याने बारीक भोकं पडतात. मग गाडी ओढायला लागते, आणि मालक खूष होतो. ती ओढते कारण भोकांतून हवा जातेय. त्याच भोकांतून धूळही जातेय, आणि ती लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याला, पॉलिश पेपरसारखी घासतेय. आतला छोटा फिल्टर तर कित्येकांनी काढूनच टाकलेला असतो.

फिल्टर तुंबलाय का हे डोळ्यांनी नीट कळत नाही. मी एक फळी केलीय. मीटरभर लांबीची लाकडी फळी, तिच्यावर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवलीय, मागे मोजपट्टी चिकटवलीय, आणि नळीत निम्म्यापर्यंत पाणी, दिसायला सोपं जावं म्हणून त्यात थोडी निळी शाई. नळीचं एक टोक उघडं, दुसरं फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या पाईपला. इंजिन हवा ओढायला लागलं की एका बाजूचं पाणी वर चढतं, दुसऱ्या बाजूचं खाली जातं. दोन पातळ्यांमधला फरक मोजायचा. पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या पुढे फरक गेला की तो फिल्टर संपला, मग तो कितीही पांढरा दिसो. टर्बोची गाडी असेल तर मापन भरलेल्या गाडीने चढावर करायचं, कारण उभ्या गाडीत टर्बो पूर्ण हवा ओढत नाही. हे सगळं साहित्य हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. प्रत्येक गॅरेजमध्ये असं यंत्र असावं असं मला फार वाटतं.

2020 च्या टाळेबंदीत महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाड्या नंतर रस्त्यावर आल्या, तेव्हा एका गाडीच्या हवेच्या वरच्या पाईपात मला उंदराचं घरटं मिळालं. सुतळी, कापूस, कांद्याची वाळलेली पात. फिल्टर नवा कोरा, आणि त्याच्या आधीच वाट बंद. म्हणून फिल्टर बदलूनही फरक पडला नाही तर मागे मागे जात पूर्ण वाट तपासा.

टर्बोच्या गाड्यांत फिल्टरच्या पुढची वाटही तेवढीच महत्त्वाची. टर्बोने दाबलेली हवा रबरी होजमधून मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या पाईपला, जाते. होजला वरून चीर दिसत नाही, पण लोडवर हवेच्या दाबाने ती उघडते आणि सगळी मेहनत वाटेत फुस्स होते. सांध्यांभोवती तेलकट काळा डाग दिसला की तिथं गळती धरा. साबणाचं पाणी लावून, बेताच्या दाबाने हवा सोडून बघा. बुडबुडे जागा दाखवतात. टर्बोच्या शाफ्टला बोटाने हलवून बघा, पाती बाहेरच्या कवचाला घासत नाहीत ना. आणि बाहेर पडायच्या वाटेकडेही लक्ष द्या. चेपलेला सायलेन्सर, कार्बनने भरलेला पाईप, किंवा एक्झॉस्ट ब्रेक असलेल्या गाडीत त्याची झडप अर्धवट अडकलेली. जळलेला वायू बाहेर गेला नाही तर नवी हवा आत येणार कुठून?

एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या पलीकडची आहे. महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या मानाने बारा टक्के विरळ असते. टर्बो नसलेल्या गाडीची ताकद तिथं साधारण तेवढीच कमी होणार, आणि तोच धूर थोडा जास्त काळा दिसणार. वाईहून पसरणी घाट चढून वर जाणाऱ्या जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर मला विचारतात, वर गेल्यावरच का दमते? निसर्ग आहे तो. त्यासाठी डिझेलच्या पंपाला हात लावू नका.

आता दुसरी बाजू. धूर नाही आणि ताकदही नाही. डिझेल पोचत नाही.

इथं मी सगळ्यात आधी जे करतो ते बघून लोकांना आश्चर्य वाटतं. क्लीनरला केबिनमध्ये बसवतो. इंजिन बंद. "दाब रे, पूर्ण दाब." आणि मी पंपापाशी वाकून लिव्हर बघतो. पंपावर एक स्टॉपचा बोल्ट असतो. पूर्ण एक्सलेटर दाबल्यावर लिव्हर त्या बोल्टला टेकला पाहिजे. एकदा एका गाडीत लिव्हर बोल्टच्या बोटभर अलीकडेच थांबला. मी पुन्हा म्हटलं, "पूर्ण दाब." पोरगा म्हणाला, "काका, खाली टेकलाय." वर जाऊन बघतो तर मालकाने दिवाळीत केबिनला जाड नवं मॅटिंग केलेलं, पेडल त्यावर टेकत होतं. शिवाय लिंकचे बॉल जॉइंट झिजून ढिले झालेले. मॅटिंगला कात्रीने खाच पाडली, जॉइंट बदलले, लिंकचे आटे जुळवले, आणि पुन्हा दाबून बघितलं. खट् असा आवाज आला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. त्या गाडीसाठी नोझलचा पूर्ण सेट आधीच बदलून झाला होता.

लिव्हर टेकतोय तर मग टाकीपासून सुरू करा. गाडी सुरू झाली, वीसेक किलोमीटर छान गेली, मग दमली. उभी केली, थोड्या वेळाने परत छान. हे ऐकलं की टाकीचं झाकण उघडायचं. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं श्वासाचं भोक बंद आहे. गाडीला नवा रंग मारताना पेंटरकडून ते हमखास बुजतं. डिझेल कमी होतं तशी टाकीत पोकळी तयार होते, आणि टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप बिचारा किती ओढणार?

त्यानंतर फीड पंपाची जाळी, मग फिल्टर, मग प्रत्येक सांध्यावरचे तांब्याचे वॉशर. जुनेच वॉशर परत परत वापरले की ते बसत नाहीत आणि तिथून हवा आत शिरते. ओढणाऱ्या बाजूची गळती फसवी असते. डिझेल बाहेर सांडत नाही, त्यामुळे डाग दिसत नाही. यासाठी फीड पंपाकडे येणाऱ्या पाईपच्या जागी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती लावायची आणि इंजिन चालू करायचं. डिझेल अखंड वाहताना दिसलं पाहिजे. सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे दिसले तर टाकीपासून नळीपर्यंतचा एकेक सांधा तपासत यायचं.

काही टर्बो गाड्यांच्या पंपावर मॅनिफोल्डपासून एक बारीक पाईप येतो. टर्बोने किती दाब दिलाय हे तो पंपाला सांगतो, आणि त्यानुसार पंप डिझेल वाढवतो. तो काडीएवढा पाईप तुटला की पंपाला वाटतं हवाच नाही, आणि तो हात आखडता घेतो. धूर नाही, ताकद नाही, सगळं नवं घातलं तरी फरक नाही. आधी तो पाईप बघा.

नोझलबद्दल द्राक्षबागायतदारांना वेगळं सांगायला नको. फवारणीच्या नोझलमधून धुकं निघालं पाहिजे, धार लागली तर औषध वाया जातं आणि पान जळतं. इथंही तेच. टेस्टरवर हात मारला की कर्र-कर्र आवाज करत धुकं सुटलं पाहिजे, आणि नंतर टोक कोरडं राहिलं पाहिजे. धार लागणारं नोझल पिस्टनचा माथा जाळतं. कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायला इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचं पाईप-नट थोडं सैल करतात. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करत होता. नाही बदलला तर दोषी तोच. पण एक गोष्ट जिवावरची आहे म्हणून जोर देऊन सांगतो. नोझल साधारण दोनशे ते अडीचशे बारवर उघडतं. तो फवारा बोटावर घेऊन बघणारे लोक मी पाहिलेत. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं, वरून टोचल्याएवढी खूण दिसते, आणि आत बोट सडतं. तसं झालं तर तासाचाही उशीर न करता मोठ्या दवाखान्यात जायचं. हळद लावून घरी बसायचं नाही.

आता पंपाकडे येतो. मी मुद्दाम त्याला इतका उशिरा घेतला. कारण सगळे त्याच्याकडे सगळ्यात आधी जातात. "वस्ताद, पंप थोडा वाढवून द्या." स्क्रू फिरवला, डिझेल वाढलं, गाडी उठल्यासारखी वाटली. पण ताकद डिझेलने एकट्याने येत नाही, हवेच्या हिशेबाने येते. तीस पिंपं हवेत जेवढं डिझेल जळतं त्याच्या वर जे घालाल त्यातलं काही काळा धूर होऊन जातं, काही लायनरवरचं ऑईल धुतं, काही ऑईलमध्ये उतरून ते पातळ करतं. धुराबरोबर उष्णता वाढते. व्हॉल्व्ह जळतात, हेडला चीर जाते, टर्बोची पाती भाजतात. आणि डिझेलचा खर्च तर डोळ्यांसमोर वाढतो. पंपाला शिशाचं सील असतं ते यासाठीच. पंप खरोखर झिजला असेल तर तो उतरवून टेस्ट बेंचवर सहाही लाइनींचं डिझेल मोजून, कंपनीच्या आकड्याला आणून, परत सील करून घ्या. गाडीवर असताना अंदाजाने स्क्रू फिरवणं हा मी गुन्हा मानतो. जुन्या गाड्यांसाठी पीयूसीत धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज आहे, हार्ट्रिज म्हणजे धुराचा दाटपणा मोजायचं एकक. स्क्रू वाढवलेली गाडी तिथं नापास होते, आणि घाटात तिच्या मागे येणाऱ्या मोटरसायकलवरचं लेकरू तोच धूर छातीत भरून घेतं.

राहिलं कॉम्प्रेशन. खरंच झिजलेलं इंजिन असतं, मी नाकारत नाही. ऑईल भरायचं झाकण काढल्यावर आतून भकाभका धूर येतो, सकाळी सुरू व्हायला त्रास देतं, ऑईल खातं. पण त्यातही आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, तपासा. व्हॉल्व्ह टेकून राहत असेल तर कॉम्प्रेशन तिथूनच जातं, आणि तासाभराच्या कामाने परत येतं. मग गेज लावून सहाही सिलिंडर मोजा. एखादाच कमी असेल आणि त्यात थोडं ऑईल सोडल्यावर आकडा चढला, तर रिंगा गेल्यात. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. सगळेच सारखे कमी असतील तर मात्र लायनर-पिस्टनची वेळ आलीय. तेव्हा नीट करा, अर्धवट नको.

एका गाडीची हकीकत सांगतो. वडिलांच्या वयाचे एक मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, सोळा-तेरा घेऊन आले. हाफ इंजिनचं, म्हणजे अर्धं इंजिन नव्याने भरायचं, सामान गाडीतच होतं, बिल दीड लाखाच्या घरात. म्हणाले, "पंप वाढवून झाला, काही उपयोग नाही. आता इंजिन उतरवायचं." मी ड्रायव्हरला विचारलं, धूर? तो म्हणाला, "दादा, खालच्या रेसला काळा, आणि घाटात रेस चढली की धूरही जातो आणि जीवही." हे ऐकून मी सामान खाली उतरवू दिलं नाही. पंप जास्त देतोय म्हणून खाली काळा धूर. वर जाऊन धूर बंद होतो, म्हणजे वर डिझेल पुरतच नाही. कॉम्प्रेशन मोजलं, सहाही सिलिंडर जवळजवळ सारखे. पारदर्शक नळी लावली, बुडबुडे नव्हते. झाकणाचं भोक उघडं. मग टाकीपासून येणारा रबरी पाईप सोडला. वाटेत कधीतरी तुटला म्हणून कोणीतरी डिझेलसाठी न बनलेला साधा पाईप घातला होता. तो मी उभा चिरला. आतला थर फुगून सालीसारखा सुटला होता. कमी ओढीला तो भिंतीला चिकटून राहायचा, जोराने ओढ लागली की आडवा होऊन वाट बंद करायचा.

योग्य पाईप घातला, जाळी आणि फिल्टर बदलले, दोन्ही हवेचे फिल्टर नवे. पंप उतरवून बेंचवर मूळ आकड्याला आणला आणि सील केला. अण्णांना शेवटचं पटत नव्हतं. "कमी करून घेताय आणि ताकद वाढेल म्हणता?" मी म्हटलं, अण्णा, खत भरा, काट्याची पावती घ्या, आणि कसारा चढून या.

त्यांच्या ड्रायव्हरने आधीची वेळ लिहून ठेवली होती, हे त्या पोराचं मोठेपण. ठरलेल्या दोन दगडांमध्ये 19 मिनिटं, दुसरा गिअर, काटा लाल रेषेजवळ. परत आल्यावर त्याने वहीचं पान माझ्यासमोर धरलं. तेवढंच वजन, 14 मिनिटं. मधल्या एका वळणाचा अपवाद सोडला तर तिसरा गिअर. धूर या रकान्यात त्याने लिहिलं होतं : दिसला नाही. हाफ इंजिनचं सामान अण्णांनी दुकानदाराला परत केलं. त्या गाडीचं हेड अजून उघडलेलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो. ज्यांनी धुराचा रंग बघितला असेल त्यांनी आधी हात वर करा.